बस्त्याव बिशपांच्या आईच्या गावाला

विमानतळाबाहेर लोखंडी कठड्याला टेकून ॲग्नेस आणि मी उभ्या होतो. ॲग्नेसच्या हातात पुठ्ठा होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘मामा नीमा’ असं लिहिलेलं. शेजारी उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्यानं ते वाचून विचारलं, “कुणाचे मामा येतायत?”

“मामा नाहीत, बाई आहे,” ॲग्नेस म्हणाली. टॅक्सीवाल्यानं पुन्हा एकदा पुठ्ठा वाचला आणि आमचा नाद सोडला.

टांझानियात आईला ‘मामा’ म्हणतात आणि बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मामा नीमा म्हणजे नीमाची आई. ती तिथल्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि वसईला एका म्हाताऱ्या आईला भेटायला येत होती. त्या आईचा मुलगा ज्या देशात बिशप होता आणि गेल्या वर्षी जिथं मातीआड झाला, त्या देशातून ती येत होती.

ॲग्नेस माझ्यासोबत तुळिंजच्या शाळेत शिकवायची. घर तिचं वसईच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या एका गावात. गावाचं नाव लिहू नये अशी घरच्यांची इच्छा आहे, म्हणून लिहीत नाही. बिशप सबॅस्टियन तिचे सख्खे काका. घरात त्यांना बस्त्याव म्हणत. तरुणपणीच मिशनरी होऊन ते आफ्रिकेत गेले आणि पुढं तिकडेच बिशप झाले. चार-पाच वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे, ते चपला घालून. शेजारच्या देशातल्या लढाईतून पळून आलेल्या लोकांच्या छावण्या त्यांच्या भागात पडल्या, तेव्हापासून त्यांचं येणं आणखी कमी झालं. मग एक दिवस ताप डोक्यात जाऊन ते गेल्याचा निरोप आला. निरोप पोचला तेव्हा त्यांना माती देऊनही झाली होती.

घरच्यांनी चर्चमार्फत विनंती केली, की आमचा माणूस आम्हाला परत द्या. वरून होकारही आला. पण तिथले लोक थडग्याभोवती बसून राहिले, उठेनात. शेवटी त्यांनी कळवलं, की आमच्यातली एक बाई आईंना भेटायला येईल. आई म्हणतील तसं करू.

हे ऐकून ॲग्नेसचे वडील, म्हणजे बिशपांचे धाकटे भाऊ इनासकाका म्हणाले, “ज्यांनी त्याला दिला नाय, त्यांना माझ्या घरात पानी पन नाय.” म्हणून मामा नीमा उतरणार होती आमच्याकडे, विरार पूर्वेला, फुलपाड्यात.

“आणि घरी जायची वेळ आली, तर मध्ये तूच बोल,” ॲग्नेस मला म्हणाली होती. “मी बोलले तर पदरचं घालीन. तू परकी आहेस.”

मी मूळची कराडची. लग्नानंतर फुलपाड्यात आले. इंग्रजी शिकवते एवढंच माझं भांडवल.

मामा नीमा बाहेर आली ती एकच बॅग घेऊन. पन्नाशीची, ठेंगणी, अंगावर मोठ्या पिवळ्या फुलांचं कापड गुंडाळलेलं. ॲग्नेस तिच्याकडे बघत राहिली. मग पुढं होऊन म्हणाली, “मी त्यांची पुतणी.” मामा नीमानं तिचे दोन्ही हात धरले. “पोले,” ती म्हणाली. (तुझ्या दुःखात मी आहे, असा त्याचा अर्थ.) ठरवून आणलेल्या जीपनं आम्ही हायवेला लागलो. खाडीच्या पुलावर तिनं काच खाली केली आणि विचारलं, “हे पाणी खारं आहे?”

“खारं.”

“ते सांगायचे, आमच्या सरोवराला चव नाही म्हणून.”

फुलपाड्यात आमची इमारत तीन मजली. आम्ही पोचलो तेव्हा खाली पाण्याचा टँकर लागला होता आणि अख्खी इमारत बादल्या घेऊन उभी होती. पाहुणी आली म्हणून कुणी रांग सोडणार नव्हतं. मी शरदला, माझ्या नवऱ्याला, बॅग वर न्यायला सांगितली आणि बादली आणायला पळाले. परत येऊन बघते, तर मामा नीमा माझ्या जागी उभी! खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू तिला हातवाऱ्यांनी सांगत होत्या, की पाईप तुझ्याकडे आला की घट्ट धर, नाहीतर अंगावर उडतो. तिला ते माहीत असावं. तिनं अंगठ्यानं धार दाबून बादली भरली, थेंब सांडू दिला नाही. काकू मला म्हणाल्या, “हिला ठेवून घे हो!”

मे महिना होता. शाळेला सुट्टी होती. ॲग्नेस घरी काही हालचाल होते का ते बघायला गेली आणि दोन दिवस पाहुणीला काय दाखवायचं हा प्रश्न माझ्यापुढं पडला. संध्याकाळी तिनं मक्याचं पीठ मागितलं आणि माझ्या ओट्यावर ‘उगाली’ केली. उकळत्या पाण्यात पीठ घालून लाकडी उलथण्यानं घोटत राहायचं, गोळा घट्ट होईपर्यंत. आपल्या उकडीसारखीच, फक्त मीठ-ताकाशिवाय. शरदनं ती वांग्याच्या रश्शाबरोबर खाल्ली आणि म्हणाला, “कराडला न्यायला हरकत नाही.”

जेवताना ती बिशपांविषयी बोलली. ते स्वतः जीप चालवायचे आणि दर पावसाळ्यात ती चिखलात रुतवायचे. लोक त्यांना ‘बाबा आस्कोफू’ (बिशपबाबा) म्हणत. कुणी अंगठीचं चुंबन घ्यायला वाकलं, तर निम्म्या वेळा अंगठी घरीच राहिलेली असे. छावणीत गोवराची साथ आली तेव्हा मुलं जायला लागली. खड्डे खणायला माणसं पुरेनात, तर हे बाह्या दुमडून खणायला उतरले.

“किती मुलं?” शरदनं विचारलं.

“मोजायचं नाही असं ते म्हणाले होते,” ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी तिनं चांदीपचं नाव काढलं. मला आश्चर्य वाटलं. चांदीप म्हणजे वसई तालुक्याच्या पूर्वेचं, डोंगराच्या बाजूचं भाताचं गाव. आफ्रिकेत जाण्याआधी वर्षभर फादर बस्त्याव त्या भागात सायकलवरून फिरायचे, आजाऱ्यांना औषधं पोचवायचे. ते घर अजून आहे का, ते तिला बघायचं होतं. कुठलं घर, ते ना तिला माहीत ना मला.

आम्ही रिक्षा केली. हायवे ओलांडल्यावर रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा झाला. कापणी झालेली भुईसपाट शेतं, मध्येच ताडाची झाडं, कुठे वीटभट्टीचा धूर. गावाच्या अलीकडे रिक्षाचं चाक बसलं. रिक्षावाल्याकडे दुसरं चाक होतं, पण तेही बसलेलं. तो एक चाक खांद्यावर घेऊन मागं गेला आणि आम्ही दोघी उन्हात पुढं निघालो. मामा नीमानं आपल्या पिवळ्या कापडाचं एक टोक माझ्या डोक्यावर ओढलं. रस्त्यानं जाणारी एक बैलगाडी आम्हाला बघून थांबलीच.

गाडीवान गोविंददादा साठीच्या पुढचे होते. मी विचारलं, “इथं फार वर्षांपूर्वी एक फादर सायकलवरून यायचे, तुम्हाला आठवतात?”

“वसईवालं? लांब हातांचं?” ते म्हणाले. “बसा गाडीत.”

त्यांच्या ओसरीवर आम्ही बसलो. सुनेनं ताडगोळे सोलून दिले. दादा सांगू लागले, “पुराचं पानी चढलं नि सायकल गेली वाहून. चार रोज राहिलं आमच्यात. बापूस म्हनाला, बसून काय करता, भात लावा. लावलं! रांग अशी वाकडी, का वर्सभर सगली बघून हसायची.”

मी भाषांतर केलं. मामा नीमा इतकी हसली, की ताडगोळ्याचं पाणी तिच्या कापडावर सांडलं. तिकडेही त्यांनी मका असाच वाकडा लावला होता, म्हणे.

“देवाचं काय सांगायचे का?” मी विचारलं.

“नाय. भाताचंच बोलायचं. आनि भावाचं.” दादांनी विडी पेटवली. “भाऊ घरी राबतो, म्हनून मी फादर झालो, असं म्हनायचं. आता कुठं असतात?”

मी सांगितलं. दादांनी पेटवलेली विडी विझवली आणि कानावर ठेवली. मग आत जाऊन त्यांनी पाहुणीसाठी करवंदांचा द्रोण आणला. निघताना मामा नीमानं वाकून ‘शिकामू’ म्हटलं. वडीलधाऱ्यांना करायचा तो तिकडचा नमस्कार. दादांना शब्द कळला नाही, पण त्यांनी हात जोडले.

घरी पोचलो तर खालच्या दुकानात ॲग्नेसचा फोन येऊन गेला होता. निरोप असा होता: मोठी आये (आजी, म्हणजे बिशपांची आई) म्हणते, उद्या आणा. बाबा गप्प आहेत.

विरारला इतकी वर्षं राहून मी पश्चिमेला स्टेशनाबाहेरच्या बाजारापलीकडे कधी गेले नव्हते. एसटी बाजार सोडून पुढं गेली आणि हवा बदलली. केळीच्या बागा, पानवेलीचे मळे, वळणावळणावर पांढरे क्रूस आणि त्यांना ताज्या अबोलीच्या माळा. लाल लुगडं नेसलेल्या दोन म्हाताऱ्या भाजीच्या पाट्या घेऊन चढल्या आणि मामा नीमाच्या पिवळ्या फुलांकडे टक लावून बघत बसल्या. एकीनं न राहवून कापड चिमटीत धरून पाहिलं. “जाड हाय,” ती दुसरीला म्हणाली.

ॲग्नेस थांब्यावर उभी होती. वाडीतून चालताना उजवीकडे एक तळं लागलं. काठाला नारळ, पाण्यात बदकं. “बावखल,” ॲग्नेस म्हणाली. पावसाचं गोडं पाणी धरणारी ही तळी इथल्या वाड्यांतून जुन्या लोकांनी खणून ठेवली आहेत.

मामा नीमा थांबली. “बावाकाली?” तिनं विचारलं. त्यांच्या छावणीजवळ बिशपांनी असंच एक खणून घेतलं होतं. तिथले लोक त्याला बावाकाली म्हणतात. तिला वाटायचं, बिशपांनी त्याला एखाद्या संताचं नाव दिलं असावं. ॲग्नेस हसली. पलीकडे दुसरं बावखल मातीनं बुजवून त्यावर बंगल्याचा पाया घातला होता, तिकडे मात्र तिनं बोट दाखवलं नाही.

घर कौलारू, पुढं मोठी ओटी. ओटीवर मोठी आये, म्हणजे मारीबाय, पाटावर बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, पण पाठ ताठ. इनासकाका ओटीच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून सुंभाच्या दोरीला पीळ घालत होते. मामा नीमा पायरीखालीच गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, “शिकामू, मामा.”

“काय बोलते?” मारीबायनी मला विचारलं.

“नमस्कार करते. तुम्हाला आई म्हणते.”

“वर ये म्हना. खाली मुंग्या हायत.”

ॲग्नेसनं चटई टाकली. पाणी आणायला ती आत वळली आणि उंबऱ्यात थांबून तिनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तांब्या आला. मामा नीमा पाणी प्यायली.

मग इनासकाका तसेच पाठमोरे बोलले, “बाई, तिला इचारा. आमची वाट का नाय बघितली?”

मी विचारलं. मामा नीमा म्हणाली, “उन्हाळा होता. वीज नव्हती. आमच्याकडे शव ठेवायची सोय नाही. फोनच्या गावाला सायकलवर माणूस पाठवला होता. तो पोचायच्या आत आम्हाला माती द्यावी लागली.”

“आनि मग? मागितला तवा का नाय दिला?”

हे मी इंग्रजीत सांगताना जरा सौम्य केलं. मामा नीमानं माझ्याकडे बघितलं. “ते यापेक्षा रागानं बोलले,” ती म्हणाली. “मला त्यांचा आवाज कळतो.” मग ती त्यांच्या पाठीकडे बघून बोलली. “आम्ही दिलं नाही, हे खरं आहे. थडग्याभोवती बसलेल्यांत मी होते. त्यांनी ज्या मुलांना पुरलं, त्यांच्या रांगेतच त्यांना ठेवलं आहे. त्या मुलांच्या आया म्हणाल्या, आमच्या पोरांजवळ कुणीतरी मोठं माणूस हवं. चुकलं असेल. म्हणून मी आले.”

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. दोरीचा पीळ थांबला. मारीबाय बराच वेळ लुगड्याचा काठ बोटांनी चाचपत राहिल्या. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. ते मला अजून आठवतात, कारण मी दुसऱ्याच प्रश्नांची तयारी करून आले होते.

“अंघोल कोनी घातली त्याला?”

“माझ्या नवऱ्यानं आणि दोन फादरांनी. पाणी मी तापवलं.”

“अंगात काय घातलं?”

“पांढरा झगा. पायमोजे त्यांच्याकडे नव्हते. माझ्या नवऱ्याचे घातले.”

“जेवला व्हता?”

“दोन दिवस नाही. फक्त पाणी. चमच्यानं.”

“कोन पाजत व्हतं?”

“मी.”

मारीबायनी मान हलवली. “काय बोलला काय?”

“शेवटी त्यांना आमची ओळख राहिली नव्हती,” मामा नीमा म्हणाली. “इंग्रजी नाही, स्वाहिली नाही, लॅटिन पण नाही. तुमचीच कुठली तरी भाषा असावी. एकच वाक्य सारखं म्हणत होते. आम्हाला वाटलं, प्रार्थना आहे. मी ते ऐकून ऐकून पाठ केलं. मला त्याचा अर्थ माहीत नाही.” तिनं हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि शाळेतल्या मुलीसारखं एका सुरात म्हणाली, “इनासा तू जा साळे. राट मी हाकतो. इनासा तू जा साळे. राट मी हाकतो.”

मला काही बोलायचं कारणच पडलं नाही. मारीबायनी तोंडावर पदर घेतला. इनासकाका वळले. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा समोरून बघितला. भुवया जाड, हनुवटी पुढं आलेली. आणि मामा नीमा त्यांना बघून बसल्या जागी मागं सरकली.

सगळं ॲग्नेसनं मला नंतर सांगितलं. साळे म्हणजे शाळेला, राट म्हणजे रहाट. वाडीला पाणी द्यायला विहिरीवरच्या रहाटाचा बैल पहाटेपासून हाकावा लागे. घरात दोन मुलगे. वडील लवकर गेले. एकानंच शिकायचं असं ठरलं, कारण दुसरा रहाटावर लागायचा. थोरला हुशार म्हणून तो शाळेत गेला, मग सेमिनरीत. धाकट्याचं पाटी-पुस्तक तिसरीत सुटलं. त्या गोष्टीविषयी दोघं भाऊ आयुष्यात एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

इनासकाका दोरी खाली ठेवून पायऱ्या उतरले आणि केळीच्या बागेत निघून गेले. कुणी त्यांना हाक मारली नाही.

मारीबायनी डोळे पुसले आणि एकदम कामाचं, गावच्या दफनभूमीचं बोलायला लागल्या. “इथं आनला, तर आपल्या सिमेतरीत जागा कुठं हाय? थोडी वर्सं झाली का हाडं काढतात, दुसऱ्याला जागा देतात. त्याच्या बापसाचीपन काढली. तिथं काढतील काय, इचार.”

“कधीच नाही,” मामा नीमा म्हणाली.

“पोरांच्यात हाय म्हनते?”

“हो.”

“मग असूं दे. लहान पोरांची त्याला सवय हाय, गल्लीतली सगली तोच खेलवायचा.” मग त्या म्हणाल्या, “पन मी एकटी नाय सांगनार. इनास येऊं दे.”

आम्ही वाट बघत बसलो. ॲग्नेसनं जेवण वाढलं: तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाचं कालवण, कैरीचं लोणचं. मामा नीमाला बोंबलाचा काटा सापडेना, कारण तो नसल्यासारखाच असतो. मारीबायनी तिला हातानं उलगडून दाखवला.

जेवणं उरकत आली तेव्हा काका आले. हातात केळीच्या सुकलेल्या सोपटात बांधलेली सुकेळी होती (उन्हात वाळवलेली केळी, वसईचा जुना मेवा). ती त्यांनी मामा नीमासमोर ठेवली आणि पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलले, मराठीतच. “वाटेला लागतील. खराब नाय व्हत.” आणि आईकडे वळून म्हणाले, “राहूं दे त्याला तिथंच.”

मी सांगण्याआधीच मामा नीमाला कळलं होतं. ती रडली, ती तेव्हा. ती जे मागायला आली होती ते मिळाल्यावर.

पुढचे दिवस ती त्याच घरात राहिली. मी फुलपाड्याला परतले. तिला विमानतळावर पोचवायला काका स्वतः भाजीचा टेम्पो घेऊन गेले. पुढं काका आणि ती, मागं रिकाम्या करंड्यांत ॲग्नेस आणि मी. ते दोघं वाटभर बोलत होते. कोणत्या भाषेत, ते मागं ऐकू आलं नाही.

परतताना काकांनी मला फुलपाड्याच्या कोपऱ्यावर सोडलं. टँकर नुकताच येऊन गेला होता आणि रस्ता ओला होता. त्या सगळ्या दिवसांत मी घरापासून फार लांब गेले नव्हते. पण पश्चिमेच्या त्या वाड्यांविषयी मला इतकी वर्षं काहीच ठाऊक नव्हतं आणि ते कळायला एक बाई समुद्रापलीकडून यावी लागली, हे मनातून जाईना. मध्ये बोलायचं काम मी चांगलं केलं असं ॲग्नेस म्हणते. मला वाटतं, खरं बोलणं झालं तेव्हा मी नुसती बसून होते.

मारीबाय पुढच्या पावसाळ्यात गेल्या. त्यांचं सगळं आटोपल्यावर इनासकाका एकटे टांझानियाला जाऊन आले, तिसरी शिकलेला माणूस. ते परतल्यावर मी मुद्दाम भेटायला गेले. ते ओटीवर बसले होते. मी विचारलं, “कशी आहे जागा, काका?”

“बरी हाय. सावली हाय.”

“आणि लोक?”

“आमी दोघं तोंडावलनं सारखे,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या बाया यायच्या, माझा हात धरायच्या, बाबा आस्कोफू, बाबा आस्कोफू करून रडायच्या. मी इनास हाय, असं सांगायला शब्द पन शिकून गेलतो.”

“मग सांगितलं?”

“नाय,” ते म्हणाले. “हात धरूं दिला.”